नोंदवहीतील नाव आणि काळाची मर्यादा

दिवाळीच्या मुहूर्तावर वहीपूजन करणाऱ्या व्यापारी घराला नोंदीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. तथापि उधारीची पै न् पै लिहून ठेवणारी हीच घरे स्वतःच्या कंपनीची सभासद नोंदवही वर्षानुवर्षे उघडून पाहत नाहीत.

भाताच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या घराण्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कल्पनेत आणा. वडील निवर्तले. त्यांचे भाग त्यांच्याच नावावर राहिले. घरचाच कारभार, घाई कसली, असे म्हणत आईचे व विवाहित बहिणीचे नाव नोंदवहीत चढले नाही. पुढे गिरणी विकण्याची वेळ आली, तेव्हा हे मौन भावाबहिणींमधील भिंत होऊन उभे राहते.

या बाबतीत २०१३ चा कंपनी कायदा काय सांगतो? वारसाने मालकी हक्क कळविल्यावर खाजगी कंपनीला नोंद नाकारायची असेल, तर ३० दिवसांत कारणांसह तसे कळवावे लागते. नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत, आणि काहीच उत्तर न आल्यास अर्ज दिल्यापासून ६० दिवसांत, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. भागांची विक्री किंवा बक्षीस असेल, तर हस्तांतरणपत्र सही झाल्यापासून ६० दिवसांत कंपनीकडे द्यावे लागते.

पुरेशा कारणाशिवाय नाव चढविले किंवा वगळले गेले असेल, तर कलम ५९ अन्वये दुरुस्तीचा अर्ज करता येतो. या कलमात मुदतीचा उल्लेख नाही. म्हणून अनेकांना वाटते की केव्हाही जाता येईल. ही समजूत घातक आहे. कलम ४३३ मुळे १९६३ चा मुदत कायदा न्यायाधिकरणालाही लागू होतो आणि त्याच्या अनुच्छेद १३७ प्रमाणे अर्जाचा हक्क निर्माण झाल्यापासून सर्वसाधारणपणे ३ वर्षांची मर्यादा येते. फसवणूक लपविली गेली असल्यास ती उघडकीस आल्यापासून, किंवा योग्य दक्षता घेतली असती तर जेव्हा कळली असती तेव्हापासून, मुदत मोजली जाते. अर्थात जो कधी विचारतच नाही, त्याची बाजू येथे दुबळी ठरते.

आणखी एक बाब ध्यानी घ्यावी. अमोनिया सप्लाईज कॉर्पोरेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली स्पष्ट केले की, भागांच्या मालकीचाच गंभीर वाद असेल तर तो दिवाणी न्यायालयाचा विषय होय. दुरुस्तीच्या मार्गाने तो सुटत नाही. उलट आदेश कौर यांच्या प्रकरणात २०१८ साली फसवणूक उघड दिसत असल्याने न्यायाधिकरणानेच दाद द्यावी, असे त्याच न्यायालयाने ठरविले. तेव्हा कागदपत्रे जितकी स्वच्छ, तितका मार्ग जवळचा.

महाराष्ट्रातील कंपन्यांसाठी हे न्यायाधिकरण मुंबईत आहे. विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठण्याची वेळ येण्यापूर्वी घरातच करण्याजोगे बरेच काही आहे. सभासदाला नोंदवही कामकाजाच्या वेळेत विनामूल्य पाहता येते. ती पाहावी. नामनिर्देशन करावे. कुटुंबात मृत्यू घडल्यास दाखला व वारसाची कागदपत्रे कंपनीकडे लेखी द्यावीत आणि पोच जपून ठेवावी; कारण दिवसांची मोजणी तिथूनच सुरू होते.

आपल्या माणसांकडे नोंद मागणे हा अविश्वास नव्हे. वेळेवर लिहिलेली एक ओळ पुढच्या पिढीचा स्नेह राखते. यंदा वहीपूजनाच्या पाटावर सभासद नोंदवहीही ठेवावी आणि पूजेनंतर ती उघडून आईचे, बहिणीचे नाव तिच्यात आहे का, हे सर्वांनी मिळून पाहावे.