ग्रामीण भागातील गृहसुरक्षा : साधने, मर्यादा व सुलभ उपाय
(विशेष संदर्भ : शिरड शहापूर, ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली)

प्रस्तावना :
अन्न, वस्त्र व निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा होत. निवारा उभारण्यासाठी आयुष्यभराची पुंजी खर्च करणारा माणूस त्याच्या संरक्षणाचा विचार मात्र बहुधा चोरी झाल्यानंतरच करतो. भगवान मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरामुळे परिचित असलेले शिरड शहापूर हे गाव जिल्ह्यातील इतर गावांप्रमाणे शेतीवर अवलंबून आहे. सोयाबीन वा हळद विकल्यानंतरची रोकड आणि लग्नकार्यासाठी घेतलेले सोने अशा गावांत काही काळ घरातच राहते. अशा घराचे रक्षण कमी खर्चात कसे करता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पारंपरिक गृहरचना :
मराठवाड्यातील माळवदाच्या घरात सुरक्षा हा बांधकामाचाच भाग होता. जाड भिंती, मोजके झरोके, ठेंगणे दार आणि दारामागे भिंतीच्या खाचेत सरकणारा लाकडी अडसर ही तिची अंगे होत. अडसर आतूनच लावता येतो. म्हणजेच घरात कोणीतरी माणूस आहे, हे या रचनेत गृहीत धरलेले होते. आज कुटुंबे लहान झाली. नोकरी, शिक्षण व ऊसतोडीसाठीचे स्थलांतर यांमुळे घरे दिवसेंदिवस बंद राहतात. अडसराची जागा बाहेरच्या कुलपाने घेतली आणि सुरक्षेचा प्रश्नच बदलला.

कुलूप आणि कडी-कोयंडा :
अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचे उत्पादन सुरू केले आणि भरवशाचे देशी कुलूप उपलब्ध झाले. लिव्हर पद्धतीच्या कुलपात प्रत्येक पट्टी किल्लीने नेमक्या उंचीवर उचलली गेली तरच आतील खिट्टी सरकते. तथापि वृत्तपत्रांतील चोरीच्या बातम्यांत 'कडी-कोयंडा तोडून' हे शब्द वारंवार येतात. याचा अर्थ, चोर पुष्कळदा कुलपाच्या वाटेस जातच नाही. पहारीने कोयंडा उचकटणे त्यास सोपे जाते. म्हणून महाग कुलपापूर्वी पुढील बाबींकडे लक्ष देणे आवश्यक ठरते.
१) कोयंडा आखूड स्क्रूंऐवजी दारातून आरपार जाणाऱ्या बोल्टने बसवून नट आतून आवळावेत.
२) चौकट भिंतीत लोखंडी पट्ट्यांनी पक्की करावी.
३) शक्य असल्यास दाराच्या आत बसणारे कुलूप वापरावे. बाहेर लोंबणारे कुलूप ही घर रिकामे असल्याची जणू पाटीच असते.

आधुनिक साधने व त्यांच्या मर्यादा :
दारावरील चुंबकीय संवेदकात चौकटीवर स्विच व फळीवर चुंबक असतो. दार उघडताच दोन्ही दूर होऊन भोंगा वाजतो. बॅटरीवर चालणारे हे साधन स्वस्त व भरवशाचे आहे. मानवी शरीरातून बाहेर पडणारी अवरक्त उष्णता ओळखणारा संवेदक हालचाल टिपतो. परंतु शरीर व परिसर यांच्या तापमानातील फरकावर त्याचे कार्य अवलंबून असते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी भिंती तापल्या म्हणजे हा फरक कमी होतो व त्याची क्षमता घटते.

सीसीटीव्ही कॅमेरा चोराला थांबवत नाही. तो केवळ नोंद ठेवतो. नोंदणी यंत्र दर्शनी ठेवल्यास चोर तेही उचलून नेतो. वीज खंडित झाल्यास इन्व्हर्टरविना कॅमेरा निरुपयोगी ठरतो. इंटरनेटशी जोडलेल्या कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदलणे अत्यावश्यक आहे. २०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रणालीने असे मूळ पासवर्ड वापरून जगभरातील असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते.

सामाजिक उपाय :
घर बंद असल्याचे गावात प्रथम अंगणावरून कळते. सडा नाही, रांगोळी नाही, दारात पाचोळा साचलेला, या खुणा पुरेशा असतात. शेजारणीने रोज अंगण झाडून सडा टाकला, सायंकाळी ओसरीवरील दिवा लावला, तर घर जागे दिसते. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ नुसार नेमलेल्या पोलीस पाटलास आणि पोलीस ठाण्यास परगावी जाण्याची पूर्वसूचना द्यावी. संकटसमयी ११२ हा क्रमांक घरातील वृद्धांनाही पाठ असावा. दागिन्यांच्या पावत्या व छायाचित्रे घराबाहेर सुरक्षित ठेवावीत. मुद्देमाल सापडल्यास ओळख पटविण्यास त्यांचे साहाय्य होते. बँकेची लॉकर हाही पर्याय आहे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी वा कर्मचाऱ्यांची अफरातफर यांमुळे लॉकरमधील ऐवज गेल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पट आहे. मात्र सोन्याची किंमत त्याहून अधिक असू शकते, हे ध्यानात घ्यावे.

निष्कर्ष :
घरातील माणसाची अनुपस्थिती हे आजच्या गृहसुरक्षेपुढील मुख्य आव्हान आहे. उपकरणे ही उणीव अंशतः भरून काढतात. पण भोंगा वाजल्यावर धावून येणारा शेजारी नसेल तर तो व्यर्थ होय. म्हणून प्रथम कोयंडा, नंतर शेजार आणि त्यानंतर उपकरण, हा क्रम सामान्य कुटुंबास हितावह ठरेल. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून गावातील दारांची पाहणी व प्रबोधन हाती घेतल्यास या ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग होईल.