घरातला गारवा, गल्लीतली झळ

आपले अनेक माजी विद्यार्थी आज शहरांत राहतात. काहींच्या घरी वातानुकूलन यंत्र आहे, काही अजून पत्र्याच्या छपराखाली आहेत. या दोन घरांतील नाते संगणकावरील नगर-हवामानाच्या गणिताने स्पष्ट होते.

वातानुकूलन यंत्र उष्णता नष्ट करीत नाही. ते ती खोलीतून उचलून बाहेर टाकते. वापरलेल्या विजेची उष्णताही तीत मिळवते. म्हणून या गणितात इमारत हा निर्जीव ठोकळा मानून भागत नाही. भिंती-छतांतून झिरपणारी उष्णता, खिडकीतून येणारे ऊन, माणसे व उपकरणे यांचा मजल्यागणिक हिशेब मांडून किती वीज लागेल व किती उष्णता रस्त्यावर पडेल, हे काढले जाते. त्या उष्णतेने तापलेली हवा पुन्हा इमारतीस भिडते आणि विजेची गरज आणखी वाढते.

अमेरिकेतील फिनिक्स शहराचा असा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. वातानुकूलनामुळे तेथील काही भागांत रात्रीची हवा १ अंश सेल्सिअसहून अधिक तापते, असे त्यात आढळले. दिवसा हा परिणाम नगण्य होता. कारण रात्री हवेचा मिसळणारा थर उथळ असतो आणि उष्णता जमिनीलगतच कोंडते.

प्रतीत्यसमुत्पाद आम्ही याच वास्तूत शिकलो. एकाच्या गारव्याचे कारण दुसऱ्याच्या झळेपर्यंत पोहोचते, हे त्याचेच रोजचे उदाहरण होय. छतास पांढरा रंग, खिडकीवर सावली आणि यंत्राचे तापमान थोडे वर ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.