कोऱ्या चेहऱ्यात दिसणारा राग

सकाळी नऊच्या सुमारास घाटकोपर मेट्रोच्या जिन्यावर उभं राहिलं की शेकडो चेहरे अंगावर येतात. बहुतेक कोरे. कुणाच्या कानात इअरफोन, कुणाच्या डोक्यात लेटमार्क. पण ज्याच्या मनात संशय घर करू लागलाय, त्याला या कोरेपणातच राग दिसतो, 'हा माझ्याकडेच बघतोय' असं वाटतं. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांची चेहरे वाचताना गल्लत होते, हे गेल्या काही दशकांतल्या संशोधनात पुन:पुन्हा दिसून आलंय.

चेहरे वाचण्याची मोजदाद झाली ती परक्या चेहऱ्यांवर. 1967 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन चेहऱ्यांच्या फोटोंचा गठ्ठा घेऊन पापुआ न्यू गिनीला गेला. तिथल्या फोरे लोकांना आनंद ओळखता आला. भीती आणि आश्चर्य यांत मात्र गोंधळ झाला. 1976 साली त्याचा कृष्णधवल, बहुतांशी गोऱ्या अमेरिकनांचा फोटोसंच आला आणि संशोधनात सर्रास वापरला जाऊ लागला. आता मुलुंडचा मुलगा त्यात चुकला तर त्याला भीती कळली नाही, की फोटोतली गोरी बाईच अनोळखी वाटली?

याचं उत्तर 2008 मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतून आलं. ऋषिकेश बेहेरे आणि सहकाऱ्यांनी 'ट्रेंड्स' ही चाचणी बांधली: चार भारतीय कलाकार, सहा भावना आणि सातवा कोरा चेहरा, 52 स्थिरचित्रं, 28 चलचित्रं. चलचित्रं घेतली हे फार बरं झालं, कारण घरात कुणी फोटोसारखं थिजून रागावत नाही.

त्याच वर्षी संशोधक जीन ॲडिंग्टन यांच्या गटाने दाखवलं, की आजार अजून जडलेला नाही, पण धोका आहे, अशा तरुणांनाही भाव ओळखणं जड जातं. अर्थात चेहरा चुकीचा वाचणारा प्रत्येक जण आजारी पडत नाही; भाव ओळखण्याची चाचणी म्हणजे निदान नव्हे.

2011 मध्ये निम्हान्सच्याच अभ्यासात, औषधोपचार चालू असताना योग करणाऱ्या रुग्णांची भाव ओळखण्याची क्षमता सुधारलेली दिसली.

महाराष्ट्रात या आजारावर उघड बोलणं त्याआधीच सुरू झालं होतं. कॅलगरीचे प्राध्यापक जगन्नाथ वाणी यांनी 1997 मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली आणि 2004 मध्ये 'देवराई' चित्रपटाने हा विषय घराघरांत नेला. तेव्हा घरातला मुलगा 'सगळे माझ्यावर डाफरतात' असं वारंवार म्हणू लागला, तर त्याच्याशी वाद घालू नका. मदतीसाठी 'टेलिमानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.