बागेतल्या तळ्यावर धबधबा करताय? आधी दगडांची कामं समजून घ्या

घरच्या बागेत छोटं तळं आणि त्यावर धबधबा करण्याचे व्हिडिओ सध्या सगळीकडे फिरतात. तीस सेकंदांत खड्डा खणला जातो, प्लास्टिकचा कागद अंथरला जातो, दगड रचले जातात आणि पाणी पडायला लागतं. बघणाऱ्याला वाटतं, एवढंच तर आहे! टेम्पोभर दगड आणू आणि रविवारी रचून टाकू.

प्रत्यक्षात काय होतं? पंप चालू केला की पाणी दगडांवरून पडायच्या ऐवजी दगडांच्या मधूनच गायब होतं. समोर नुसते ओले दगड दिसतात. सकाळपर्यंत तळ्याची पातळी चार बोटं उतरलेली असते. लक्ष गेलं नाही तर पंप कोरडा चालून जळतो आणि तळ्यातल्या माशांचा जीव धोक्यात येतो.

अशा वेळी लोक मोठा पंप आणतात. पण दोष बहुतेकदा पंपाचा नसतो. पाणी नेहमी खालची आणि सोपी वाट धरतं. दगडांच्या ढिगात सगळ्यात सोपी वाट असते ती दगडांमधल्या फटींची. म्हणून धबधब्याचा दगड आधी कामासाठी निवडायचा, शोभेचा विचार नंतर. हे काम नेमकं कोणतं, ते समजून घेऊया.

सह्याद्रीत धबधबा कसा तयार होतो?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला. या भागाला भूशास्त्रात ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. यातला ‘ट्रॅप’ हा शब्द जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला. सह्याद्रीचे डोंगर लांबून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, ते याच थरांमुळे.

हे सगळे थर सारखे टणक नाहीत. खालचा मऊ थर पाण्याने लवकर झिजतो, वरचा टणक थर टिकतो आणि छज्ज्यासारखा पुढे आलेला राहतो. पाणी त्या कडेवरून सुटतं आणि मोकळं खाली पडतं. दोन्ही बाजूंना उंच कडे असल्यामुळे ते इकडेतिकडे पसरत नाही. खाली डोह असतो, तो पडणाऱ्या पाण्याचा मार झेलतो.

बागेतल्या दोन फुटी धबधब्यालाही नेमक्या याच गोष्टी लागतात.

चार कामं, चार दगड

ओठाचा दगड: ज्याच्या कडेवरून पाणी सुटतं तो. हा सपाट, रुंद आणि पुढची कडा धारदार असलेला हवा. गोल कडेचा दगड घेतला तर पाणी कडेवरून सुटत नाही. चहाच्या किटलीच्या तोटीवरून थेंब जसे खाली ओघळतात, तसं ते दगडाच्या पोटाला चिकटून मागे वळतं. घराच्या छज्ज्याखाली कडेने एक बारीक खाच ठेवलेली असते, ती पाणी मागे भिंतीकडे येऊ नये म्हणूनच. दगडाची कडा बोथट असेल तर गवंड्याकडून खालच्या अंगाला तशीच खाच मारून घेता येते.

पाठीचा दगड: ओठाच्या खाली, थोडा मागे बसणारा. ओठ याच्या पुढे दोन-तीन इंच तरी आलेला असावा.

बाजूचे दगड: हे ओठापेक्षा उंच हवेत. पाण्याला बांध घालायचं काम यांचं. बहुतेक गळती इथूनच होते, कारण लोक ओठाचा दगड निवडायला तासभर लावतात आणि बाजूला हाताला लागेल तो दगड टेकवतात.

पायाचा दगड: पाणी पडतं तिथला. सपाट दगड ठेवलात तर पाणी चहूकडे उडेल आणि आवाजही चटचट येईल. पाणी थेट तळ्यात पडलं तर आवाज खोल येतो. शिंतोडे उडून तळ्याबाहेर गेलेलं पाणी परत येत नाही, हे लक्षात ठेवा.

धार कशी हवी, हेही ओठाच्या दगडावर ठरतं. अकराव्या शतकातल्या ‘साकुतेइकी’ या जपानी उद्यानग्रंथात धबधब्यांचे प्रकार सांगितले आहेत. कापडासारखा अखंड पडदा हवा असेल तर गुळगुळीत कडेचा दगड, आणि सुतासारख्या वेगळ्या धारा हव्या असतील तर खाचाखोचांच्या कडेचा दगड. हजार वर्षांनंतरही हा हिशोब बदललेला नाही.

कोणता दगड घ्यायचा?

काळा पाषाण: महाराष्ट्राच्या बहुतेक भागात हाच सगळ्यात सोयीचा. टणक आहे, पाणी फारसं शोषत नाही, पाण्यात विरघळतही नाही. फक्त हातोडीने वाजवून घ्या. खणखणीत आवाज आला तर दगड चांगला. बद्द आवाज आला किंवा कांद्यासारखे पापुद्रे सुटत असतील तर तो कुजलेला दगड आहे, ठेवून द्या.

जांभा: कोकणात आणि गोव्यात सहज मिळतो. सच्छिद्र असल्यामुळे पाणी धरून ठेवतो आणि त्यावर शेवाळ सुंदर येतं. पण याच गुणामुळे तो ओठाला चालत नाही, कारण कडा झिजते आणि पाणी आतून झिरपतं. बाजूला आणि मागच्या उंचवट्याला जांभा लावा, ओठाला काळा दगड घ्या.

गोल गोटे: हे फक्त भरणीसाठी. दिसायला छान, पण एकावर एक ठरत नाहीत. नुसत्या गोट्यांचा धबधबा म्हणजे फटींचा ढीग. कागद झाकायला आणि कोपरे भरायला वापरा.

शहाबादी, कोटा, कडप्पा: हे तिन्ही चुनखडीचे दगड. सरळ कडेमुळे ओठाला सोयीचे पडतात आणि एखादी फरशी वापरल्याने मासे मरत नाहीत. पण चुनखडी आम्लयुक्त पाण्यात हळूहळू विरघळते आणि पाण्याचा जडपणा वाढवते. बोअरचं पाणी आधीच जड असेल तर दगडांवर पांढरा थर धरतो. म्हणून सगळा धबधबा या दगडांचा करू नये.

अनोळखी दगड चुनखडीचा आहे का, हे घरीच बघता येतं. कोरड्या दगडावर व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे थेंब टाका. फेस आला किंवा बुडबुडे सुटले तर त्यात चुना आहे. काळ्या पाषाणातल्या पांढऱ्या रेषांवर कधीकधी असा फेस येतो, कारण त्या भेगांत कॅल्साइट भरलेलं असतं. तेवढ्याने बिघडत नाही.

समुद्रकिनाऱ्यावरचे दगड मात्र टाळा. त्यांच्यात मुरलेलं मीठ तळ्यात उतरतं.

नदीतून दगड उचलून आणले तर?

हा मोह अनेकांना होतो. पण दगड हे गौण खनिज आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ नुसार परवानगीशिवाय गौण खनिज काढलं किंवा नेलं तर दंड होतो आणि वाहनही जप्त होऊ शकतं. अभयारण्यातून किंवा गडकिल्ल्यांवरून दगड उचलणं तर त्याहून गंभीर.

कायदा बाजूला ठेवला तरी नदीतला दगड रिकामा नसतो. त्याच्या खाली किडे, खेकडे, लहान मासे राहतात, अंडी घालतात. आपल्या बागेत निसर्ग आणण्यासाठी तिथला निसर्ग उचलून आणण्यात अर्थ नाही. खाणीवरून किंवा दगडविक्रेत्याकडून पावती घेऊन दगड आणा. जुनं घर पाडताना निघालेला दगडही उत्तम.

वजनाचा अंदाज घ्या

काळ्या पाषाणाचा एक घनफूट दगड साधारण ८० किलोच्या वर भरतो. म्हणजे दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि सहा इंच जाड असा ओठाचा दगड १२० किलोचा. तो दोन माणसांनी उचलायचा नसतो. पहार, फळी आणि चार माणसं लागतात.

गच्चीवर धबधबा करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात साधारण दर चौरस मीटरला १५० किलो इतका वापराचा भार धरतात. दोन फूट खोल पाण्याचंच वजन दर चौरस मीटरला ६०० किलो होतं. दगड त्यावर वेगळे. त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय गच्चीवर तळं आणि खरे दगड नकोत.

बसवायचा क्रम

१. माती दाबा. खड्ड्यातून निघालेल्या भुसभुशीत मातीचा ढीग करून लगेच त्यावर दगड ठेवू नका. पाणी मारून, थराथराने ठोकून घ्या. नाहीतर पहिल्या पावसाळ्यात ढीग बसतो आणि ओठ तिरका होतो.

२. कागद अंथरा. शेततळ्याला वापरतात तसा जाड कागद किंवा रबरी लायनर घ्या. खाली जुनं जाड कापड किंवा जिओटेक्स्टाईल हवं. जड दगडाच्या खाली कागदाचा आणखी एक तुकडा टाका, म्हणजे टोक लागून भोक पडणार नाही. तळ्याचा आणि धबधब्याचा कागद वेगळा असेल तर वरचा कागद खालच्यावर चढला पाहिजे, छपरावरची कौलं चढतात तसा.

३. खालून वर या. आधी पायाचे आणि पाठीचे दगड, मग ओठ, मग बाजू. मोठे दगड नुसते टेकवू नका, थोडे जमिनीत रोवा. रोवलेला दगड जागचा वाटतो आणि हलतही नाही. प्रत्येक दगडावर उभं राहून बघा. डुगडुगला तर चीप मारून पक्का करा. घरात लहान मुलं असतील तर ती या दगडांवर चढणारच, हे गृहीत धरा.

४. ओठ पाणसळीत घ्या. डावी-उजवी बाजू अगदी समपातळीत हवी. बोटभर फरक असला तरी सगळं पाणी एका कोपऱ्यातून पडतं. पुढच्या अंगाला किंचित उतार चालेल.

५. फटी मागून भरा. तळ्यांसाठी मिळणारा काळा फोम किंवा सिमेंटचा माल दगडांच्या मागून आणि ओठाच्या खालून भरा. सिमेंट वापरलंत तर पाणी भरून, काही दिवस ठेवून ओतून द्या आणि हे दोन-तीन वेळा करा. ताज्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरून माशांना मारू शकतो.

६. कागदाच्या कडा वर वळवा. बाजूच्या दगडांच्या मागे कागद पाण्याच्या पातळीपेक्षा वीतभर उंच उभा राहिला पाहिजे. मग त्यावर माती आणि झाडं.

शेवटच्या दोन पायऱ्यांतला फरक महत्त्वाचा आहे. फटी भरल्या नाहीत तर पाणी दगडाखालून जातं, दिसत नाही, पण कागदावरून तळ्यात परत येतं. कागदाची कडा खाली राहिली तर पाणी मातीत जातं आणि कायमचं जातं. पहिल्यात धबधबा जातो, दुसऱ्यात तळं.

पाणी किती लागेल?

एक फूट रुंद ओठावरून भरीव पडदा पडायचा तर तासाला साधारण ४,५०० लिटर पाणी लागतं. पंपाच्या खोक्यावरचा आकडा मात्र पाणी उंच चढवायचं नसतानाचा असतो. उंची वाढली की तो घटतो. म्हणून पंप तळ्यात ठेवून पाइप ओठाच्या उंचीवर धरा आणि १५ लिटरची बादली भरा. १२ सेकंदांत भरली तर तासाला ४,५०० लिटर पाणी येतंय. पाणी कमी असेल तर नवा पंप घेण्याआधी ओठ अरुंद करून बघा. ते स्वस्त पडतं.

पातळी उतरतेय, मग गळती कुठे?

उन्हाळ्यात रोज सेंटीमीटरभर पाणी वाफ होऊन जाणं नवलाचं नाही. त्याहून जास्त उतरत असेल तर तळं भरा, खूण करा आणि पंप रात्रभर बंद ठेवा. तळ्यात मासे असतील आणि पंपावरच त्यांची हवा अवलंबून असेल तर तेवढ्यापुरता एअर पंप लावा. सकाळी पातळी तशीच असेल तर तळं ठीक आहे, गळती धबधब्यात आहे. बाजूच्या दगडांमागची माती ओली लागते का, हे हाताने चाचपून बघा. बहुतेक वेळा तिथे कागदाची कडा खाली बसलेली सापडते.

आणखी एक गोष्ट तपासा. पंप बंद असताना दगडांच्या खळग्यांत पाणी साचून राहतं का? डेंग्यूचा डास अशाच थोड्याशा स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवे डास बाहेर पडतात. असे खळगे सिमेंटने भरून उतार द्या. तळ्यात गप्पी मासे सोडले तरी दगडावरच्या खळग्यात ते पोचत नाहीत.

दगड आणायला जाताना टेप, हातोडी आणि लिंबू सोबत घ्या. पहिल्यांदा ओठाचा दगड निवडा, कारण धबधब्याची रुंदी, पंप आणि बाकी सगळे दगड त्याच्यावरूनच ठरतात. आणि फटी पक्क्या भरण्याआधी एकदा नळीने पाणी सोडून बघा. दगड हलवायचा असेल तर तो तेव्हाच सहज हलतो.