बेताचा पगार आणि नीटनेटका पोशाख

कळवा स्थानकावर सकाळच्या लोकलमध्यें शिरणाऱ्या नोकरदाराच्या पोशाखाची परीक्षा कचेरी गांठण्यापूर्वींच सुरू होते. गर्दींत इस्त्री मोडते, घामानें कॉलर मळते. आणि कचेरींत तर त्याच्याविषयींचें पहिलें मत बहुधा कपड्यांवरूनच बनतें.

पगार बेताचा असला म्हणजे स्वस्त कपड्याचा मोह होणें साहजिक आहे. परंतु कपडा किती दिवस अंगावर चढतो, यावरच त्याची खरी किंमत ठरते. समजा, ४०० रुपयांचा सदरा ४० दिवस वापरून विटला, तर दिवसाला १० रुपये पडले. ९०० रुपयांचा सदरा १५० दिवस टिकला, तर ६ रुपयेच.

म्हणून कपडे मोजके व एकमेकांस शोभणारे घ्यावे. फिक्या रंगाचे तीन सदरे व गडद रंगाच्या दोन विजारी यांचे सहा जोड होतात. सुती कापड घाम शोषतें, पण चुरगळतें; पॉलिएस्टर-मिश्रित कापड पावसाळ्यांत लौकर वाळतें. सुती कापड शिवण्यापूर्वीं भिजवून आटवावें आणि शिवणींत माया ठेवण्यास शिंप्याला सांगावें, म्हणजे पुढें सदरा सैल करतां येतो. धुतलेले कपडे उलटे करून सावलींत वाळवावे, रंग टिकतो.

१९४३ सालीं कापडावर सरकारी नियंत्रण आलें. त्या टंचाईंत विरलेली कॉलर उसवून उलटी बसविण्याची युक्ति गृहिणींच्या उपयोगीं पडे. ती आजही उपयोगी आहे: जुना सदरा पुन्हां कचेरीजोगा होतो, आणि नव्या पोशाखासाठीं उसनवारी करण्याची वेळ टळते.