कडकनाथची अंडी शेवटी खाणार कोण?

आज एकच प्रश्न घेऊन आलोय. 2019 मध्ये इस्लामपूरच्या महारयत अ‍ॅग्रो कंपनीचं प्रकरण गाजलं. सांगली-साताऱ्याच्या शेतकऱ्यांनी पैसे भरून कडकनाथची पिल्लं घेतली. अंडी-कोंबड्या चढ्या दराने आम्हीच घेऊ, हा कंपनीचा शब्द. पुढे खरेदी थांबली आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला.

अशा स्कीममध्ये काय काय पटवलं जातं बघा. "झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये जीआय मानांकन मिळालंय." खरंय, पण मानांकन म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. "शेजाऱ्याला पैसे मिळाले." मिळाले असतील, पण कुणाच्या खिशातून? "करार लेखी आहे." कंपनीकडे पैसाच नसेल तर कागद काय कामाचा?

खरी मेख पुढे आहे. अंडी उबवून पिल्लं नव्या शेतकऱ्यालाच विकायची असतील, तर समजा एकामागे दहा नवे लागतात. दहाचे शंभर, शंभरचे हजार. गावं कधीतरी संपणारच ना!

म्हणून 'किती मिळणार?' याच्या आधी विचारा: हा माल शेवटी वापरणार कोण? उत्तर 'पुढचा गुंतवणूकदार' असेल, तर सरळ फोन ठेवा.