फिश फ्रायची धुणारी चिमणी: शेवटचा हप्ता देण्याआधी एकदा करंट घालवून बघा



सातनाला तलावातला किंवा पैनगंगेचा मासा कच्चा विकला तर भाव व्यापारी ठरवतो. तोच तळून विकला तर भाव आपण ठरवतो. जैनथच्या बाजूने, भोरजवरून नॅशनल हायवे ४४ जातो, रात्रंदिवस ट्रक चालू असतात. म्हणून आपल्या बऱ्याच घरांनी फिश फ्रायचा धंदा धरला. आधी गाडा, मग टपरी, आता काहींनी खोली घेऊन हॉटेल टाकलं. मृगाच्या दिवशी, जूनच्या ७-८ तारखेला, आपल्याकडे घरोघरी मासा लागतो. त्या दिवशी तर कढई सकाळपासून खाली उतरतच नाही.

खोलीत तळण आलं की वर चिमणी आली. आणि आजकाल विकणारे म्हणतात, "स्वतःच धुणारी घ्या, हात लावायचं काम नाही." चिमणी चांगलीच असते. पण ती सुखाची की धोक्याची हे वायरिंगवर ठरतं. म्हणून आज आपण तेवढंच बोलू.

आधी धोका समजून घ्या. मासा साधारण १८० अंशावर तळतो. त्या वाफेबरोबर तेलाचे बारीक कण वर जातात, डक्टमध्ये थंड होतात आणि मेणचट थर धरतात. कढईतलं तेल साधारण ३६० अंशाच्या पुढे गेलं तर काडी न लावताही पेटतं. एक भडका वर ओढला गेला की तो थर धरतो, आणि डक्टमधली आग खाली उभ्या माणसाला दिसत नाही. ती थेट छतावर, नाहीतर शेजारच्या दुकानात निघते. म्हणून थर साचू न देणं हाच खरा उपाय.

धुणारी चिमणी काम कशी करते? हुडच्या आत, फिल्टरच्या मागे, नोझल बसवलेल्या पाइपा असतात. दिवसाचं तळण संपलं, ब्लोअर बंद झाला की पंप चालू होतो, सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडतो, आणि साबणाचं गरम पाणी काही मिनिटं फवारतं. मेणचट पाणी खालच्या पन्हाळीतून ग्रीस ट्रॅपमध्ये जातं. पाणी ६० अंशाच्या आसपास लागतं, गार पाण्याने तेल सुटत नाही. साबण कॉस्टिकचा असेल तर फिल्टर स्टीलचेच घ्या, ॲल्युमिनियम कॉस्टिकने खाऊन जातं. आणि ही फवारणी हुड आणि जवळचा भागच धुते. पुढचा लांब डक्ट माणसालाच साफ करावा लागतो, त्यासाठी प्रत्येक वळणावर उघडायचं झाकण ठेवून घ्या.

आता वायरिंग.

ब्लोअर, पंप आणि गिझर, तिघांना वेगवेगळा एमसीबी पाहिजे. पाण्याचं काम आहे, म्हणून ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी पाहिजेच. अर्थिंग हुडच्या पत्र्यालाही द्या, नुसतं मोटारीला देऊन भागत नाही, कारण ओल्या हाताने आपण पत्र्यालाच धरतो. डक्टच्या आतून एकही वायर जाऊ देऊ नका. पॅनल कढईच्या वर किंवा वाफेच्या तोंडाशी नको, बाजूच्या भिंतीवर घ्या. मोटारीच्या पाटीवर जेवढे ॲम्पिअर लिहिले असतील, तेवढ्यावरच ओव्हरलोड रिले लावा. सारखी ट्रिप होते म्हणून कोणी रिले वाढवून देत असेल तर देऊ देऊ नका, आधी कारण शोधा.

पहिल्यांदा चालू करायचा क्रम असा ठेवा.

१. मेन बंद असताना मोटारीची वायर ५०० व्होल्टच्या मेगरने तपासायची. एक मेगाओमपेक्षा कमी आलं तर पुढे जायचं नाही.

२. ब्लोअर क्षणभर चालू करून लगेच बंद करायचा आणि फिरण्याची दिशा बाणाशी जुळवायची. शेतातली थ्री फेजची मोटार उलटी फिरली तर पाणी कमी फेकते, हे आपल्याला माहीत आहे. ब्लोअरचंही तसंच. उलटा फिरला तरी हवा थोडी ओढतो, म्हणून चूक लक्षात येत नाही, आणि धूर खोलीत राहतो. तीनपैकी दोन फेज अदलाबदल केल्या की दिशा सरळ होते.

३. मग ब्लोअर पूर्ण चालवून क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट बघायचा.

४. पंपात पाणी भरलंय याची खात्री झाल्यावरच पंप चालू करायचा. कोरडा चालला तर सील जातं.

५. शेवटी साबणाशिवाय साध्या पाण्याने एक फेरी करून सगळे नोझल फवारतात का, पाणी कढईच्या जागेवर टपकतं का, हे बघायचं.

इथपर्यंत सगळे करून देतात. खरी परीक्षा याच्या पुढची, आणि ती आपणच मागून घ्यायची आहे.

आपल्याकडे भर धंद्यात करंट जातो. कढईत तेल उकळतंय आणि ब्लोअर बंद पडला. साध्या पद्धतीने जोडलेलं पॅनल समजतं की ब्लोअर बंद झाला म्हणजे दिवस संपला. करंट परत आला की ते धुणं सुरू करू शकतं. खाली १८० अंशाचं तेल आणि वरून पाणी! एक लिटर पाण्याची वाफ साधारण १७०० लिटर जागा घेते. थोडं पाणी जरी तेलात पडलं तरी तेल कढईबाहेर उसळतं, आणि समोर उभी असते आपली बायको, सून, नाहीतर पोरगं.

म्हणून पॅनलमध्ये तीन गोष्टी बांधून घ्यायच्या. याला वायरमन इंटरलॉक म्हणतात.

पहिली: ब्लोअर हवा ओढत असेल तरच गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहील. यासाठी हवेच्या दाबाचा स्विच लावा. नुसतं स्टार्टरवरून जोडलं तर बेल्ट तुटल्यावर मोटार फिरत राहते आणि गॅसही चालू राहतो.

दुसरी: करंट गेला की गॅस बंद, आणि करंट आला तरी हाताने बटण दाबल्याशिवाय उघडणार नाही. गॅसची हयगय किती महाग पडते ते मुंबईत कुर्ल्याच्या सिटी किनारा हॉटेलात दिसलं. १६ ऑक्टोबर २०१५ ला तिथल्या आगीत ८ जण गेले.

तिसरी: गॅस बंद होऊन तेल थंड व्हायला पुरेसा वेळ गेल्याशिवाय धुणं सुरूच होणार नाही, आणि तेही माणसाने बटण दाबल्यावरच.

तपासायची रीत सोपी आहे. तेलाच्या जागी कढईत साधं पाणी ठेवा, शेगडी पेटवा, ब्लोअर चालवा आणि मेन स्विच पाडा. गॅस बंद झाला पाहिजे. मेन परत चढवा. गॅसही उघडता कामा नये आणि पाण्याचा थेंबही पडता कामा नये. जनरेटर असेल तर त्याच्यावरही हेच करा आणि ब्लोअरची दिशा परत बघा. जनरेटरची फेज उलटी जोडलेली असू शकते. लाईनमनने सर्व्हिस वायर बदलली तरी दिशा बघायची. हे सगळं डोळ्यांनी बघितल्यावरच शेवटचा हप्ता द्या, आणि वायरिंगचा नकाशा पॅनलच्या दारात चिकटवून घ्या.

ज्यांचा धंदा लहान आहे त्यांनी कर्ज काढून धुणारी चिमणी घ्यायची गरज नाही. साधा हुड, स्टीलचे बॅफल फिल्टर, आणि ते दर आठवड्याला गरम साबणाच्या पाण्यात भिजवून घासणं, एवढं पुरतं. अमेरिकेतलं एनएफपीए ९६ हे मानक म्हणतं की भरपूर तळणाऱ्या स्वयंपाकघराचा डक्ट दर तीन महिन्यांनी तपासावा, आणि लाकूड-कोळशाच्या भट्टीचा दर महिन्याला. आपणही तोच हिशोब धरू. मृगाच्या आठ दिवस आधी एकदा धरलाच पाहिजे.

आणि कढईजवळ 'के' टाइपचा अग्निशामक ठेवा. तेल पेटलं तर पाणी कधीच नाही. आधी गॅस बंद करा, मग झाकण टाका.

कोणी चिमणी घेणार असेल तर कोटेशन घेऊन संस्थेच्या ऑफिसात या. या तीन इंटरलॉकच्या ओळी त्यात लिहून आल्यात का, हे आपण मिळून वाचू.

आपल्या संस्थेच्या वतीने,
सचिव